तबकडी परतली, हिशेब उरला : शिकागोचे हाउस संगीत आणि पुनर्मुद्रणांचा इतिहास

१/ १२ जुलै १९७९. शिकागोतील कोमिस्की पार्क हे बेसबॉलचे मैदान. त्या दिवशी तेथे लागोपाठ दोन सामने होते आणि प्रवेशासाठी एक अजब सवलत जाहीर झाली होती : डिस्को संगीताची एक तबकडी आणून द्यावी आणि अवघ्या ९८ सेंटमध्ये आत यावे. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्या साऱ्या तबकड्या स्फोटकांनी उडवून देण्यात येणार होत्या. या कार्यक्रमाचा नायक होता स्टीव्ह डाल हा रेडिओ निवेदक. मैदानात सुमारे ५० हजार माणसे जमली आणि बाहेरही गर्दी दाटली.

२/ स्फोट झाला आणि हजारो प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात उतरले. हिरवळ उखडली गेली, आगी लावल्या गेल्या, पोलिसांना पाचारण करावे लागले आणि दुसऱ्या सामन्यात यजमान संघ न खेळताच पराभूत ठरला. त्या रात्री प्रेक्षकांना जागा दाखवण्याच्या कामावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. लोकांनी आणलेल्या तबकड्या त्याने जवळून पाहिल्या. त्यांतील कित्येक डिस्कोच्या नव्हत्याच. त्या केवळ कृष्णवर्णीय कलावंतांच्या, सोल आणि रिदम अँड ब्लूजच्या होत्या, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे.

३/ पाच वर्षांनी याच लॉरेन्सचे नाव एका नव्या तबकडीवर झळकले. ज्या शहराने तबकड्या जाळल्या, त्याच शहरात ‘हाउस’ हा संगीतप्रकार जन्मला आणि तोही तबकडीच्याच आधाराने जगभर पोहोचला. आज चाळीस वर्षांनी त्या दुर्मीळ तबकड्या पुन्हा छापल्या जात आहेत आणि तेव्हा जन्मलेलेही नव्हते असे तरुण त्या विकत घेत आहेत. या पुनरागमनाबरोबर एक जुना प्रश्नही परतला आहे : तबकडीवर नाव कोणाचे आणि तिच्या विक्रीचे पैसे कोणाचे?

४/ आरंभ एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत होतो. शिकागोच्या साउथ जेफरसन रस्त्यावरील २०६ क्रमांकाच्या वास्तूत रॉबर्ट विल्यम्स यांनी १९७७ मध्ये ‘द वेअरहाउस’ हा क्लब सुरू केला आणि संगीताची सूत्रे न्यू यॉर्कहून आलेल्या फ्रँकी नकल्स या तरुणाकडे सोपवली. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतही समलिंगी तरुणांचा भरणा मोठा. शहरातील अनेक क्लबांच्या दारांवर ज्यांना अडवले जाई, त्यांना येथे पहाटेपर्यंत मोकळेपणाने नाचता येत असे. वेअरहाउसमध्ये वाजते ते ‘हाउस’, असे नाव पुढे रूढ झाले.

५/ नकल्स वाजवत असे ते संगीत मुळात नवे नव्हते. फिलाडेल्फियाचे सोल, न्यू यॉर्कच्या साल्सोल कंपनीचे डिस्को, युरोपातील सिंथेसायझरचे प्रयोग असा तो संग्रह होता. मात्र १९७९ नंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली आणि नव्या तबकड्यांचा ओघ आटला. तेव्हा नकल्सने जुन्याच गाण्यांच्या ध्वनिफिती कापून, जोडून, त्यांतील तालाचे तुकडे लांबवून नवी रूपे सिद्ध केली. पुढे त्याने त्यांखाली तालयंत्राचा ठेकाही घातला. टंचाईतून आलेली ही युक्ती होती. तिचीच पुढे शैली झाली.

६/ या शैलीला योग्य असे वाहन आधीच तयार होते : बारा इंची सिंगल. १९७० च्या दशकाच्या मध्यावर टॉम मोल्टन हा मिश्रणकार न्यू यॉर्कच्या एका स्टुडिओत नमुना-तबकडी कापून घेत होता. सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या, म्हणून मोठ्या चकतीवर गाणे कापले गेले. जागा ऐसपैस मिळाल्याने खाचा रुंद झाल्या. आवाज मोठा आणि खर्ज भरदार उमटला. १९७६ मध्ये साल्सोलने ‘टेन पर्सेंट’ हे गाणे वॉल्टर गिबन्सच्या विस्तारित मिश्रणासह बारा इंची स्वरूपात सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणले. नाचाच्या संगीताला तेव्हापासून स्वतःचे माप मिळाले.

७/ दुसरा आधार यंत्रांचा. जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे सूर वाजवणारे छोटे यंत्र काढले होते. एकट्या वादकाला साथीचे ढोल आणि बास गिटार मिळावी, हा त्यांचा हेतू. पण त्यांचा आवाज खऱ्या वाद्यांसारखा नसल्याने व्यावसायिक वादकांनी त्यांना नाकारले. ३०३ चे उत्पादन तर १९८४ मध्येच थांबले. मग ही यंत्रे जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली आणि स्टुडिओचे भाडे न परवडणाऱ्या मुलांच्या हाती आली.

८/ हाउसची पहिली तबकडी म्हणून बहुतेक अभ्यासक ज्या तबकडीकडे बोट दाखवतात, ती १९८४ ची ‘ऑन अँड ऑन’. कर्ते जेसी सॉन्डर्स आणि तोच व्हिन्स लॉरेन्स. तिची जन्मकथा बोलकी आहे. सॉन्डर्स आपल्या कार्यक्रमाची खूण म्हणून एक अनधिकृत जोड-तबकडी वाजवत असे. तिचेही नाव ‘ऑन अँड ऑन’. एके दिवशी त्याचा संग्रह चोरीला गेला आणि त्यात तीही गेली. हरवलेल्या तबकडीची जागा भरून काढण्यासाठी त्याने यंत्रांवर स्वतःचे गाणे रचले. म्हणजे हाउसची पहिली तबकडी हीच एका अर्थी हरवलेल्या तबकडीची पुनर्निर्मिती होती.

९/ गाणे रचणे एक आणि तबकडी छापणे दुसरे. ध्वनिफितीवरील संगीत प्रथम लॅकरचा लेप दिलेल्या चकतीवर खाचांच्या रूपाने कापतात. तिच्यावर निकेलचा थर चढवून उलटा साचा काढतात आणि त्या साच्यांमध्ये तापवलेले विनाइल दाबून तबकडी घडवतात. हे काम कारखान्याचे. शिकागोत असा कारखाना लॅरी शर्मन यांच्या मालकीचा होता. ‘ऑन अँड ऑन’ तेथेच छापली गेली आणि त्याच ओळखीतून ‘ट्रॅक्स रेकॉर्ड्स’ ही कंपनी उभी राहिली. एकाच माणसाच्या हाती छपाई आणि प्रकाशन, दोन्ही आले.

१०/ ट्रॅक्सच्या तबकड्या आजही त्यांच्या खरखरीवरून ओळखू येतात. खर्च वाचवण्यासाठी जुन्या, न विकलेल्या तबकड्या वितळवून त्याच विनाइलवर नवे संगीत छापले जाई. कधी जुन्या लेबलांच्या कागदाचे कणही नव्या तबकडीत अडकलेले सापडत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक अत्यंत प्रभावशाली संगीत अशा रीतीने दुसऱ्यांच्या विस्मृत गाण्यांच्या लगद्यावर कोरले गेले. संग्राहकांना ही खरखर आता प्रिय वाटते. पण कलावंतांच्या दृष्टीने ती काटकसरीची खूण होती, आणि काटकसर केवळ विनाइलपुरती मर्यादित नव्हती.

११/ लॅरी हर्ड यांचे उदाहरण घ्यावे. मूळचे ढोलवादक. घरात एक सिंथेसायझर आणि एक तालयंत्र घेऊन त्यांनी ‘मिस्टर फिंगर्स’ या नावाने जी रचना केली, ती ‘कॅन यू फील इट’ १९८६ मध्ये ट्रॅक्सने प्रसिद्ध केली. शब्द नाहीत, घाई नाही. खोल खर्ज आणि त्यावर तरंगणारे उदास, उबदार स्वर. सोल संगीताची हळवी धून यंत्रांतूनही उमटू शकते, हे या एका तबकडीने सिद्ध केले. पुढे ज्याला ‘डीप हाउस’ म्हटले गेले, त्याची ती पायाभरणी.

१२/ त्याच काळात टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या मार्शल जेफरसन यांनी ‘मूव्ह युअर बॉडी’मध्ये पियानो आणून हाउसला उत्सवी रूप दिले. ‘फ्युचर’ या त्रिकुटाने अडगळीतल्या ३०३ ची बटणे मनसोक्त पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ रचले. ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबात रॉन हार्डीने ते फितीवरून प्रथम वाजवले तेव्हा नाचणारे गोंधळून बाजूला झाले, असे सांगतात. त्याने त्याच रात्री ते पुन्हापुन्हा वाजवले आणि चौथ्या खेपेला सारा क्लब बेभान झाला. १९८७ मध्ये ट्रॅक्सने त्याचीही तबकडी काढली.

१३/ कीर्ती मात्र परदेशात मिळाली. जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह ‘सिल्क’ हर्ली यांचे ‘जॅक युअर बॉडी’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. लंडन आणि मँचेस्टरमध्ये हाउसची लाट उसळली. शिकागोत तिचे कर्ते बहुतांशी अनोळखीच राहिले. विशी-बाविशीतल्या मुलांनी वकिलाचा सल्ला न घेता करारांवर सह्या केल्या होत्या. पुढे अनेकांनी सांगितले की हाती थोडी रोकड पडली आणि नंतर विक्रीचा हिशेब कधी आलाच नाही.

१४/ ब्रिटनमध्ये हे पूर्वीही घडले होते. हाउसच्या आधी जवळपास दोन दशके उत्तर इंग्लंडच्या गिरणी आणि खाणींच्या गावांतील कामगार तरुण अमेरिकी सोल संगीताच्या नादी लागले होते. त्यांना गाजलेली गाणी नको होती. अमेरिकेत न खपलेल्या, गोदामात पडून राहिलेल्या वेगवान तबकड्या त्यांना हव्या होत्या. लंडनमध्ये दुकान चालवणारे पत्रकार डेव्ह गॉडिन यांनी या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले. १९७३ ते १९८१ या काळात विगन कॅसिनो हे तिचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र होते.

१५/ तेथे डीजेची प्रतिष्ठा त्याच्या संग्रहातील दुर्मीळतेवर ठरे. प्रतिस्पर्ध्याला गाणे सापडू नये म्हणून तबकडीच्या लेबलावर कागद चिकटवून गायकाचे आणि गाण्याचे खोटे नाव सांगण्याची प्रथा पडली. श्रोते बेभान होऊन नाचत, पण आपण कोणाचा आवाज ऐकत आहोत हे त्यांना ठाऊक नसे. हजारो मैलांवरील गायकालाही आपले विसरलेले गाणे दुसऱ्याच नावाने गाजते आहे, याची वार्ता नसे. संगीतावरील प्रेम आणि त्याच्या कर्त्याचा विसर एकाच खोलीत सुखाने नांदत होते.

१६/ फ्रँक विल्सन यांचे ‘डू आय लव्ह यू’ हे या कथेचे सर्वांत ठळक पान. १९६५ मध्ये मोटाउनच्या ‘सोल’ या उपलेबलसाठी ते ध्वनिमुद्रित झाले. प्रसिद्धीपूर्व वाटपासाठी सुमारे २५० प्रती छापल्याचे सांगितले जाते. पण विल्सन यांनी गायक होण्याऐवजी निर्माता राहणे पसंत केले, प्रकाशन रद्द झाले आणि प्रती नष्ट करण्यात आल्या. वाचलेली एक प्रत पुढे इंग्लंडला पोहोचली आणि तेथे ते गाणे ‘एडी फॉस्टर’ या भलत्याच नावाने गाजले.

१७/ १९७९ मध्ये ब्रिटनमधील टामला मोटाउनने ते अधिकृतपणे, विल्सन यांच्या खऱ्या नावाने प्रसिद्ध केले. ध्वनी तोच, खाचा नव्या; पण कलावंताचे नाव त्याला परत मिळाले ते या पुनर्मुद्रणामुळे. मूळ प्रतीचे मूल्य मात्र वाढतच गेले. २००९ मध्ये एक प्रत २५,७४२ पौंडांना विकली गेली. ही रक्कम विक्रेत्याच्या खिशात गेली. गायकाचा तिच्याशी कायद्याने काहीच संबंध नव्हता.

१८/ हा कायद्याचा भाग नीट समजून घ्यायला हवा. एकदा विकलेली तबकडी ही घेणाऱ्याची मालमत्ता असते. तो ती पुन्हा कितीही किमतीला विकू शकतो आणि त्या व्यवहारातून कलावंताला काहीही मिळत नाही. ब्रिटनमध्ये चित्रकाराला त्याच्या चित्राच्या पुनर्विक्रीत ठरावीक वाटा मिळतो. तबकडीवरील गायकाला तशी तरतूद नाही. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘डिस्कॉग्ज’ने जगभरच्या जुन्या तबकड्यांची नोंद आणि बाजारपेठ एकत्र आणली. दुर्मीळ तबकडी शोधणे सोपे झाले. तिचे पैसे कर्त्यापर्यंत पोहोचणे नाही.

१९/ म्हणूनच पुनर्मुद्रणाला महत्त्व येते. गाणे पुन्हा छापायचे तर स्वामित्वहक्क कोणाकडे आहे हे शोधावे लागते, मूळ फीत मिळवावी लागते, करार करावा लागतो आणि श्रेयनामावली छापावी लागते. जुना हिशेब उघडण्याची ही संधी असते. अर्थात ती साधलीच जाते असे नाही. चांगल्या स्थितीतील एखाद्या तबकडीवरून ध्वनी उतरवून चोरटी आवृत्ती काढणारेही पुष्कळ आहेत. दुकानाच्या फळीवर दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तर फरक सहज कळत नाही.

२०/ प्रामाणिक पुनर्मुद्रण काय करू शकते, याचे उदाहरण पुन्हा शिकागोचेच. २००३ मध्ये तेथे स्थापन झालेल्या ‘न्युमेरो ग्रुप’ने छोट्या शहरांतील विस्मृत सोल लेबलांचा शोध घेतला. ओहायो राज्यातील कोलंबस येथे जुन्या सामानाच्या विक्रीतून मिळालेल्या फितींत एक साधे, नमुन्यादाखल गायलेले गाणे होते : ‘यू अँड मी’. फितीवर ‘पेनी अँड द क्वार्टर्स’ एवढेच नाव. कोण ही पेनी, हे कोणालाच सांगता येईना. तरीही २००७ च्या संकलनात ते गाणे घेतले गेले.

२१/ २०१० च्या ‘ब्लू व्हॅलेंटाइन’ या चित्रपटात ते गाणे आले आणि जगभर ऐकले गेले. आता देण्यासाठी मानधन होते, पण घेणारे सापडत नव्हते. गाण्याच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांत झळकल्यावर अखेर गायिकेचा शोध लागला. तरुणपणी भावांसह गायलेले ते गाणे कधी प्रसिद्ध झाले, याचीच तिला कल्पना नव्हती. दोन-अडीच मिनिटांच्या एका फितीमागे एक जिवंत माणूस होते आणि त्याचे काही देणे लागत होते, हे एका संकलनामुळे उघड झाले.

२२/ हाउसच्या बाबतीत असे काम युरोपात बरेच झाले. ॲम्स्टरडॅमच्या ‘रश अवर’ या दुकान-लेबलने शिकागोच्या ‘व्हर्गो फोर’ या जोडीचा १९८९ चा संग्रह २०१० मध्ये पुन्हा छापला. मर्विन सँडर्स आणि एरिक लुइस हे त्याचे कर्ते. त्यांच्याकडे त्या काळातील अप्रकाशित रचनांच्या फिती पडून होत्या. त्यांतून २०११ मध्ये ‘रिझरेक्शन’ हा नवा संच निघाला. पुनर्मुद्रणाच्या निमित्ताने घरातल्या फिती बाहेर आल्या. इतिहासाला नवी साधने मिळाली.

२३/ याच यंत्रांचा एक धागा थेट मुंबईला येतो. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातील वादक. राहुलदेव बर्मन, शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे वाजवलेले. त्यांनी सिंगापूरहून रोलँडची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे आणली. १९८२ मध्ये, म्हणजे ‘ॲसिड ट्रॅक्स’च्या पाच वर्षे आधी, त्यांनी भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांचे स्वर त्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीने ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली, ती फारशी खपली नाही.

२४/ एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत तिची एक प्रत मिळाली. तो मुंबईला येऊन सिंग यांना भेटला आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ लेबलतर्फे त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. ऐकणारे थक्क झाले, कारण ३०३ ची ती वळसे घेणारी सुरावट हुबेहूब ॲसिड हाउससारखी होती. आयुष्यभर इतरांच्या गाण्यांत साथ करणारा हा वादक सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच्या नावाने युरोपातील रंगमंचांवर उभा राहिला. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

२५/ येथे एक सावधगिरी हवी. ‘ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ असे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरते. ते टिकणारे नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकल्याचा कोणताही पुरावा समोर आलेला नाही. सिंग रागाच्या चौकटीत मींड शोधत होते. शिकागोत नाचाची जागा भारून टाकणारा ध्वनी शोधला जात होता. एकाच यंत्राने दोन शहरांत दोन स्वतंत्र वाटा दाखवल्या. यात सिंग यांचा मोठेपणा कमी होत नाही आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय कलावंतांचे श्रेयही कोणी हिरावून घेत नाही. श्रेयाचाच प्रश्न असताना ते तोलूनमापून देणे अधिक आवश्यक.

२६/ शिकागोचा जुना हिशेब अखेर न्यायालयात पोहोचला. जून २०२० मध्ये लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी ट्रॅक्सविरुद्ध संघीय न्यायालयात दावा दाखल केला. आपल्या रचनांवरील हक्कांचा भंग झाला आणि रॉयल्टी मिळाली नाही, हे त्यांचे म्हणणे. ऑगस्ट २०२२ मध्ये तडजोड झाली आणि त्या रचनांचे व ध्वनिमुद्रणांचे हक्क दोघांकडे परत आले. ‘कॅन यू फील इट’ला तेव्हा छत्तीस वर्षे झाली होती. त्याच वर्षी मार्शल जेफरसन यांच्यासह आणखी कलावंतही त्याच कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले.

२७/ अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्व कायद्यात आणखी एक तरतूद आहे. १९७८ पासून पुढे ज्या निर्मात्यांनी आपले हक्क दुसऱ्याला दिले, त्यांना ३५ वर्षांनंतर विहित मुदतीत नोटीस देऊन ते परत मागता येतात. मात्र ती रचना नोकरीचा भाग म्हणून केलेली नसावी. १९८० च्या दशकातील हाउस संगीत नेमके या वयात आले आहे. भारतातही २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा सहजासहजी काढून न घेता येणारा हक्क दिला.

२८/ सर्वांत खात्रीचा उपाय मात्र कलावंतांनी स्वतःच शोधला : स्वतःचे लेबल. हर्ड यांनी १९८० च्या दशकातच ‘अलिव्हिएटेड रेकॉर्ड्स’ सुरू केले होते. त्यांची जुनी-नवी कामे आज तेथून निघतात. डेट्रॉइटमध्ये ‘मूडीमॅन’ या नावाने ओळखले जाणारे केनी डिक्सन ज्युनिअर आणि ‘साउंड सिग्नेचर’चे थिओ पॅरिश यांनी १९९० च्या दशकापासून हाच मार्ग धरला. त्यांच्या संगीतात सोल, जॅझ आणि हाउस यांच्या सीमा पुसून जातात. प्रती मोजक्या, जाहिरात जवळजवळ नाही; हक्क मात्र निर्मात्याकडेच.

२९/ अशा छोट्या लेबलांपुढे आता वेगळीच अडचण आहे, आणि ती यशातून आली आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत नगसंख्येच्या हिशेबाने विनाइलने १९८७ नंतर प्रथमच सीडीला मागे टाकले : सुमारे ४.१ कोटी तबकड्या, तर ३.३ कोटी सीडी. कारखान्यांची संख्या मर्यादित, त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा लॅकर चकत्यांचा प्रमुख कारखाना आगीत जळाला. मोठ्या कंपन्यांच्या लाखोंच्या मागणीपुढे तीनशे प्रती छापू पाहणारे लेबल रांगेत मागे पडते. छपाईयंत्र ज्याच्या हाती, त्याचा वरचष्मा, हे १९८४ चे सत्य अजून जुने झालेले नाही.

३०/ वेअरहाउससमोरील रस्त्याच्या भागाला २००४ मध्ये फ्रँकी नकल्स यांचे नाव मानाने दिले गेले. २०१४ मध्ये ते निवर्तले. जून २०२३ मध्ये शिकागोच्या नगर परिषदेने त्या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. तबकड्या उडवून देणाऱ्या शहराने त्या तबकड्यांतून उगवलेल्या संगीताचे घर जपायचे ठरवले. कोमिस्की पार्क १९९१ मध्येच पाडले गेले. आज त्या जागी वाहनतळ आहे.

३१/ वास्तू जपता येते, तशी तबकडीही. पण तबकडीच्या इतिहासाचे वाचन तिच्या लेबलापासून सुरू होते. पुनर्मुद्रित प्रत हाती आल्यावर त्यावरची बारीक अक्षरे पाहावीत : रचनाकार कोण, ध्वनिमुद्रणाचा हक्क कोणाकडे, कोणाच्या परवानगीने छापली. ती ओळ नसेल किंवा तेथे कलावंताचे नाव सोडून बाकी सारी नावे असतील, तर तोही एक पुरावाच. १९७९ च्या त्या रात्री व्हिन्स लॉरेन्सने हेच केले होते. गर्दी तबकड्या फेकत होती, आणि तो त्यांवरची नावे वाचत होता.